शांत ग्राहक

४ जून

चि. सोन्यास,

आशीर्वाद आहेतच, ते दरवेळी लिहावे लागू नयेत.

इंटरनेट कंपनीत नोकरी करणाऱ्या भाच्याला मावशी पोस्टाने पत्र लिहिते, म्हणून हसशील. हस. फोनवर तू "हो मावशी, बघतो मावशी" म्हणतोस आणि बघत नाहीस. कागद समोर पडून राहतो. तो तरी टोचेल.

माझी इंटरनेटची पेटी मेली आहे. २९ मेला सकाळी साडेसहाला चालू केली तेव्हापासून. रात्री झोपताना मी ती बंद करते हे तुला माहीत आहे. रात्रभर दिवे लावून बसायला ती काही बंदर नाही. पहिला दिवा स्थिर, दुसरा स्थिर, तिसरा लुकलुकतो. पंधरा मिनिटं लुकलुकून तिन्ही विझतात आणि पुन्हा पहिल्यापासून पाढे. काहीही उघडलं की एकच पान येतं: "आपली नोंदणी आढळली नाही. कृपया ग्राहक सेवेशी संपर्क साधा." नऊ वर्षं मी तुमची ग्राहक आणि माझी नोंदणी आढळत नाही!

संपर्क साधला. पलीकडचा म्हणतो, "मॅडम, पेटी बंद करून चालू केलीत का?"

"नऊ वेळा."

"परत एकदा करून बघा ना."

"तुम्ही डॉक्टर झाला नाहीत हे लोकांचं नशीब," म्हटलं, तर त्याने मला गाणं लावून दिलं. अकरा मिनिटं. मी वहीत लिहून ठेवलं आहे.

मला सिनेमे बघायचे नाहीत. माझ्या हाताखाली शिकलेल्या दोन मुली आता लहान दवाखान्यांच्या प्रयोगशाळांत एकट्या आहेत. रक्ताच्या काचपट्टीत काही शंकास्पद दिसलं की फोटो पाठवतात, मी बघून सांगते. एकतीस वर्षं तेच केलं, डोळे अजून शाबूत आहेत. परवा एकीने फोन केला, "बाई, पेशी विचित्र दिसताहेत, काय करू?" न बघता काय सांगणार? मोठ्या रुग्णालयात पाठव म्हटलं. तापाने फणफणलेला माणूस चार तास बसमध्ये बसून गेला. काही निघालं नाही. मी बघितलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं.

तू नोंदणी विभागाचा प्रमुख झाला आहेस असं तुझी आई सगळ्या गावाला सांगते. मग माझी नोंदणी कुठे गेली ते शोध.

मावशी


८ जून

प्रिय मावशी,

पत्र वाचून खूप हसलो. गाण्याबद्दल माफी, ते मलाही आवडत नाही.

काळजी करू नकोस, क्षुल्लक गोष्ट आहे. तुला समजावून सांगतो, नाहीतर तू मला झोपू देणार नाहीस. तुला आमच्याकडे कधी पासवर्ड टाकावा लागला नाही, बरोबर? कारण कंपनी माणसाला ओळखतच नाही, पेटीला ओळखते. पेटीच्या पाठीवर बारा अक्षरांचा नंबर असतो, जगात दुसऱ्या कुठल्याही पेटीचा नसतो असा. पेटी चालू झाली की केबलमधून सांगते, मी अमुक. कंपनीचं मोठं यंत्र आपल्या नोंदवहीत बघतं: ही आपली का, हिचा ग्राहक चालू आहे का? असेल तर तिला एक बारीकशी फाइल धाडतं. तिला किती वेग द्यायचा, ते त्या फाइलीत असतं. नसेल तर पेटीला एका कोंडवाड्यात नेऊन बसवतं. तिथे फक्त तू लिहिलेलं ते पान दिसतं. एवढंच.

तुझ्या गावाचं यंत्र वेगळं होतं आणि आमच्या गावाचं वेगळं. २८ मेच्या रात्री दोन्ही एका ठिकाणी आणली. एवढी मोठी उलथापालथ झाली की चार पेट्या इकडेतिकडे होणारच. त्यात तुझी सापडली, दुसरं काही नाही.

तू फक्त एक कर. ती पेटी मला पार्सलने पाठव. गेल्या ऑक्टोबरात पाठवली होती तशी नवी पाठवतो. आणि लेखी तक्रार कुणाकडे करू नकोस. लेखी आलं की चौकशी बसते, महिनोन्महिने काही हलत नाही.

अजून एक. तुझ्याकडे पहिली जोडणी करून गेला होता तो उंच माणूस आठवतो? आमच्यात त्याला लंबू म्हणतात. त्याच्यावर काहीतरी बालंट आलंय म्हणे, ग्राहकांचे नंबर बाहेर दिल्याचं. तो आला तर घरात घेऊ नकोस. एकटी राहतेस, म्हणून सांगतो.

आई मजेत. पार्सल लवकर कर.

तुझा
सोन्या


१३ जून

चि. सोन्यास,

तुझं पत्र सकाळी आलं आणि तुझा लंबू दुपारी. पत्र आधी आलं म्हणून मी दाराची साखळी न काढता बोलले. नंतर त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली नाही. चोर असेल तर खुर्चीची काय गरज, आणि नसेल तर त्याला उभं राहायची सवय आहे.

म्हणाला, "बाई, मला घरी बसवलंय. सोळा वर्षांत कुणाच्या घरातली टाचणी उचलली नाही मी."

"टाचणीबद्दल कोण बोलतंय? नंबर दिलेस म्हणतात."

"नुसता नंबर घेऊन काय लोणचं घालायचंय? पेटीच्या आत कंपनीचा शिक्का असतो. कागदावरचा नाही, आतल्या चिपमध्ये. यंत्र नंबरही बघतं आणि शिक्काही बघतं. दोन्ही उतरवून दुसऱ्या पेटीत भरले, तरच ती दुसरी पेटी तुमच्या नावाने फिरते. त्याला पेटी उघडून टेबलावर दोन तास ठेवावी लागते, वर यंत्र लागतं. मी तुमच्याकडे वीस मिनिटं होतो आणि त्यातली दहा शिडीवर."

"तुला शिडी लागते?" मी विचारलं. त्याला हसू आलं नाही. मलाही नंतर बरं वाटलं नाही.

प्रकरण असं आहे. दोन गावांची यंत्रं एक केल्यावर अकरा नंबर दोन-दोन ठिकाणी बोलताना सापडले. एक खरी पेटी इकडे, तिची नक्कल तुमच्या गावात. यंत्रं वेगळी होती तोवर कुणाला पत्ता नव्हता, कारण ती एकमेकांना विचारतच नव्हती. अकरापैकी सात घरांपुढे "जोडणी करणारा" या रकान्यात लंबूचं नाव आहे. त्यात माझं घर आहे. २७ जूनला इथल्या कार्यालयात सुनावणी. दोषी ठरला तर नोकरी जाईलच, शिवाय नाव सगळ्या कंपन्यांच्या यादीत जाईल आणि त्याला कुठेच तारेला हात लावू देणार नाहीत. बेचाळिसाव्या वर्षी तो दुसरं काय करणार? मुलीचं कॉलेजचं पहिलं वर्ष आहे. तो माझ्याकडे भीक मागायला आला नव्हता. "मी तुमच्या घरात काय केलं आणि काय नाही, तेवढंच लिहून द्या, बाई," एवढंच म्हणाला.

आमच्या प्रयोगशाळेत एकाच चिठ्ठीच्या दोन बाटल्या सापडल्या की मी बाटल्यांना दोष देत नसे. चिठ्ठ्या कुणाच्या हातात होत्या, ते आधी विचारत असे. लंबू खरा की खोटा हे मला ठरवता आलेलं नाही. पण एक गोष्ट कळत नाही. माझी पहिली पेटी त्याने लावली. ती ऑक्टोबरात बंद पडली आणि दुसरी तू पोस्टाने पाठवलीस. ती मी स्वतः भिंतीवर स्क्रू पिळून लावली, त्याला फोनसुद्धा केला नाही. मग दोन ठिकाणी निघालेला नंबर कोणत्या पेटीचा? तुझ्याकडे वही उघडी आहे, बघून लिही. म्हणजे मी काय ते लिहून देईन.

पेटी आत्ता पाठवत नाही. सुनावणीत दाखवावी लागली तर?

मावशी


१७ जून

प्रिय मावशी,

तू उगाच परक्याच्या भानगडीत पडते आहेस. मी बघितलं. नंबर जुन्या पेटीचाच आहे. लंबूने तो जोडणीच्या वेळी उतरवला असणार. शिक्का वगैरे गोष्टी तो तुला गुंडाळायला सांगतोय. चांगला बोलतो, म्हणूनच इतकी वर्षं टिकला.

तू काही लिहून दिलंस तर तुलाच बोलावतील, तासन्‌तास बसवतील. तुझा रक्तदाब, तुझे गुडघे. कशाला?

पेटी सुनावणीत कुणी मागणार नाही. तुला पार्सल करायला जड जात असेल तर मी रविवारी गाडी काढून येतो आणि घेऊन जातो. जुनी पेटी अजून ठेवली असशील तर तीही देऊन टाक. आई तुझ्यासाठी स्वेटर विणतेय, तोही आणतो.

सोन्या


२१ जून

सोन्या,

रविवारी येऊ नकोस. मी घरी नसेन, आणि पेटीही नसेल.

लंबूला कंपनीने दिलेल्या नोटिशीत अकराही नंबर छापले आहेत. मी ती मागून घेतली आणि माझ्या नावापुढची बारा अक्षरं भिंतीवरच्या पेटीशी एकेक करून ताडून पाहिली. मग कपाटातली जुनी पेटी काढून तिच्याशी. तो नंबर जुन्या पेटीचा नाही. नव्या पेटीचा आहे. लंबूने जी कधी डोळ्यांनी पाहिली नाही, त्या पेटीचा. ती बनवणाऱ्यानंतर फक्त दोन माणसांच्या हातात होती, तुझ्या आणि माझ्या. मला चिपमधला शिक्का उतरवता येत नाही.

तरी मी तुला दोन दिवसांची सवलत दिली. म्हटलं, नोंदवहीत चूक असेल, पोराने घाईत चुकीची ओळ वाचली असेल. मग लंबूला घेऊन त्याच्या बाकीच्या सहा घरांपैकी चार घरी गेले. चारही घरी माणसं साठीच्या पुढची. चौघांचीही पेटी गेल्या वर्षभरात अचानक बंद पडलेली. चौघांनाही तुझा फोन, "आजोबा, तुमची पेटी जुनी झाली, मी नवी पाठवतो, तुम्हाला यायची गरज नाही." चौघांकडे पार्सल. एका आजोबांनी टेलिफोनशेजारच्या भिंतीवर कागद चिकटवला आहे. त्यावर तुझा नंबर आणि खाली मोठ्या अक्षरांत "चांगला मुलगा". त्यांनी मला विचारलं, "तुम्ही त्याच्या मावशी का? भाग्यवान आहात." मी चप्पल घातली आणि बाहेर आले.

वहीतली गोमही लंबूने सांगितली. पेटी बदलली की नंबर बदलतो, पण "जोडणी करणारा" या रकान्यातलं पहिलं नाव तसंच राहतं. म्हणजे तू हात घातलास आणि ठसे त्याचे उठले. हे तुला माहीत होतं की नाही? नसेल तर तू मूर्ख आहेस. असेल तर कोण आहेस ते लिहवत नाही.

आणि आम्हीच का, तेही कळलं. तुमच्याकडे म्हणे एक यादी निघते. दोन वर्षांत ज्यांनी एकही तक्रार केली नाही ते ग्राहक. तुम्ही लोक त्यांना "शांत ग्राहक" म्हणता. त्यातून तू निवडलंस. पेटी बंद पडली तर बंद-चालू करतील, नशिबाला दोष देतील आणि गप्प बसतील, अशी माणसं. त्यात मी कशी आले, हे मात्र आश्चर्य. मला जन्मात कुणी शांत म्हटलेलं नाही.

२७ तारखेला मी सुनावणीला जाणार आहे. त्याआधी तू स्वतः जाऊन सांगितलंस तर मला बोलायची वेळ येणार नाही. तुझ्याकडे सहा दिवस आहेत.

मावशी


२४ जून

मावशी,

तुझं पत्र आईच्या हातात पडू नये म्हणून दोन दिवस फाटकापाशी उभा होतो. तरी पडलंच.

ठीक आहे. मी केलं. पण तू समजतेस तसं नाही. मी कुणाचं काही चोरलं नाही. तुझा वेग कमी झाला का? बिल वाढलं का? तुझ्या गावात तू, इथे दुसरा. दोन यंत्रं, दोघांनाही पूर्ण वेग, कुणाला झळ नाही. साहेबांच्या ओळखीच्या माणसांना जोडण्या हव्या होत्या. त्यांनी सांगितलंसुद्धा नाही, "बघ काही जमतंय का" एवढंच म्हणाले. मी जमवलं. मला बढती मिळाली ती कामामुळेच, बाकीचे बारा वाजता उठून चहाला जातात. यंत्रं एक करायचा निर्णय वरच्यांनी घेतला, आम्हाला आठ दिवस आधी कळवलं. थोडा वेळ दिला असता तर मी सगळ्या नकला बंद केल्या असत्या आणि तुझा तिसरा दिवा कधी लुकलुकला नसता. इथल्या पेट्या चोवीस तास चालू असतात, तू तुझी रोज बंद करतेस. म्हणून सकाळी तुझ्या जागेवर दुसरा आधीच बसलेला असायचा. तू ती चालू ठेवली असतीस तर कदाचित तुला कळलंही नसतं.

तुझं नाव मी यादीतून घेतलं नव्हतं. पहिली पेटी करून बघायची होती. घरचीच असलेली बरी, म्हणून तुझी घेतली.

लंबूचं नाव येईल हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आल्यावर काय करणार होतो?

आणि एक लक्षात घे. ऑक्टोबरात नवी पेटी लावल्यावर तूच फोन केला होतास, "अरे, आता फोटो कसे पटकन उघडतात!" ते उगाच उघडत नव्हते. तुझ्या पेटीला मी वरच्या दर्जाची फाइल लावली होती. त्या दर्जाची तू वर्गणी भरत नाहीस. मी तेव्हा सांगितलं होतं, "वेग वाढवून दिलाय, कुणाला बोलू नकोस." तू बोलली नाहीस. सुनावणीत माझी वही उघडेल तेव्हा ते पानही उघडेल. मग आपण दोघं एका बाकावर बसू.

मी स्वतः जाणार नाही. माझ्याने होणार नाही. तुझ्याने होऊ नये असं वाटतं.

सोन्या


२५ जून

ताईस,

तुझं पत्र मी वाचलं. सोन्याने नको म्हटलं तरी वाचलं.

तो चुकला. मी त्याला दोन थोबाडीत दिल्या, एवढा घोडा झाला तरी. पण ताई, चूक घरात निस्तरायची असते. तो तुझ्या मांडीवर वाढला. मी आजारी होते तेव्हा सहा महिने तू त्याला घास भरवलेस. आता त्याच्याच तोंडचा घास काढणार? तो लंबू कोण आपला? त्याला दुसरीकडे कुठे चिकटवता येईल, सोन्याचे साहेब बघतील, सोन्या म्हणाला तसं. कुणाचंच नुकसान होणार नाही.

तुला वाईट वाटेल, पण लिहिते. तुला पोर नाही. असतं तर तुझ्या हातून हे पत्र लिहिलं गेलं नसतं. तू आयुष्यभर बाटल्यांवर चिठ्ठ्या लावल्यास, माणसांवरही तशाच लावतेस.

२७ला तू गेलीस तर तुझं माझं संपलं. स्वेटर झालाय. तो मी पाठवावा की नाही, हे तूच ठरव.

तुझी
धाकटी


६ जुलै

धाकटीस,

तुझं पत्र मला २८ला मिळालं. आदल्या दिवशी मी जाऊन आले होते. आधी मिळालं असतं तरी गेलेच असते, तेव्हा पोस्टाला दोष देऊ नकोस. तुला सोन्याने काय सांगितलं असेल त्याचा मला अंदाज आहे, म्हणून झालं ते लिहिते.

तीन माणसं टेबलापलीकडे होती. दोघं ढेकर देत बसलेले आणि एक चष्म्याची इंजिनिअर मुलगी, जी एकटी ऐकत होती. लंबू भिंतीला टेकून उभा. सोन्या खुर्चीवर, इस्त्रीचा सदरा, हातात फाइल. मी आत गेले तेव्हा तो उठून माझ्या पाया पडला. सगळ्यांसमोर. मला वाकलेल्या त्या पाठीची इतकी शिसारी आली की मी पाय मागे घेतले. हे तुला कुणीतरी सांगेलच, म्हणून मीच सांगते.

मी जुनी पेटी सोबत नेली होती. त्या मुलीने ती जोडली, नंबर वहीत घातला, आणि तीन मिनिटांत तिन्ही दिवे स्थिर. ऑक्टोबरात "बिघडलेली" पेटी ती. तिने सोन्याला विचारलं, "हिच्यात काय बिघडलं होतं?"

"लांबून तपासताना कधीकधी चुकीचं दिसतं."

"पाच जणांचं चुकीचं दिसलं?"

तो फाइल चाळत राहिला. मग म्हणाला, "पेट्या बदलताना लंबूचाही हात असू शकतो." इतकं सगळं झाल्यावर! लंबूने मान वर केली आणि खाली घातली. तोवर मी ठरवलं होतं की पेट्यांबद्दल तेवढं सांगायचं, नातं कुणी विचारलं तर सांगायचं. ते वाक्य ऐकल्यावर मी न विचारता सांगितलं, "हा माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. हे सगळं त्यानेच मला हाताने लिहून कळवलं आहे." आणि त्याचं २४ तारखेचं पत्र टेबलावर ठेवलं. होय, तेच मी केलं. पाठीत वार केला असं तू म्हणशील. मी त्याच्या तोंडासमोर ठेवलं.

माझ्या निवेदनाचा शेवटचा परिच्छेद माझ्याबद्दल होता. आठ महिने मी वर्गणी भरत नव्हते तो वेग वापरला, मला सांगितलेलं होतं, आणि मी गप्प बसले कारण मला तो आवडला. ढेकर देणाऱ्यांपैकी एक म्हणाला, "मावशी, हे नसतं लिहिलंत तरी चाललं असतं."

"तुम्हाला चाललं असतं," मी म्हटलं. "आणि मावशी मी ह्याची."

निकाल असा. लंबू कामावर परत. सोन्याला काढलं, ते तुला माहीत आहे. त्याच्या साहेबांची बदली केली आहे, त्याच हुद्द्यावर, दुसऱ्या गावी. तिथेही शांत माणसं असतीलच. त्याबद्दल मी कंपनीच्या मुख्य कार्यालयाला तीन पत्रं लिहिली आहेत आणि उत्तर येईपर्यंत दर सोमवारी एक लिहिणार आहे.

मला नियमाप्रमाणे एक वर्ष जोडणी मिळणार नाही. काल तार काढायला माणूस आला तो लंबूच. कामावर परतल्यावर हातात पडलेली कामाची पहिलीच चिठ्ठी माझी. तो दारात उभा राहून म्हणाला, "बाई, मी दुसऱ्याला पाठवतो. मला हे जमणार नाही."

"दुसरा येईल, भिंतीला भोक पाडून जाईल. तू नीट काढशील. ये आत."

त्याने नीट काढली. भोकसुद्धा बुजवून दिलं. या वेळी मी त्याला खुर्ची दिली, तर तो बसला नाही. आता मी मंगळवारी आणि शुक्रवारी बसने त्या मुलींच्या दवाखान्यात जाते आणि काचपट्ट्या तिथेच बघते. गुडघे दुखतात. ते आधीही दुखत होते.

मला पोर नाही हे तू लिहिलंस. खरं आहे. पण त्याला घास भरवले तेव्हा मी कुणाची कोण आहे याचा हिशेब केला नव्हता, आणि २७लाही केला नाही. त्याला दुसरी नोकरी मिळेल, तो हुशार आहे. मला भीती तीच वाटते. आपण चुकलो असं त्याला अजून वाटत नाही. यंत्रं एकत्र केली ती चूक, असं त्याला वाटतं. त्याच्या तोंडून "मी त्या माणसाला बुडवत होतो" हे एक वाक्य तू काढून घेऊ शकलीस तर तू माझ्यापेक्षा मोठी.

स्वेटर पाठवू नकोस. त्याला दे, आता त्याला घरी बसून थंडी वाजेल.

एक राहिलं. सुनावणीनंतर बाहेरच्या बोळात त्याने मला गाठलं. रडत नव्हता. त्याने विचारलं, "मावशी, खरं सांग. दुसऱ्याच कुणाची पेटी बंद पडली असती आणि तुझी चालू राहिली असती, तर तू आली असतीस का इथे?" मी म्हटलं, विचार करून कळवते. त्याने वेगळ्या पत्राची वाट पाहू नये म्हणून तुझ्याकडेच लिहिते.

नऊ दिवस विचार केला. नसते आले. तो भरधाव वेग वापरत, माझ्या काचपट्ट्या बघत, घरी बसले असते. लंबूची बातमी कुणी सांगितली असती तर "असेल चोर" म्हणून पान उलटलं असतं. त्याच्यामुळे मला जी किळस आली, तिच्यात माझाही वाटा आहे आणि तो धुऊन जात नाही.

हे त्याला वाचून दाखव. तुझा आवाज अडखळला तर त्याच्याच हातात दे.

ताई